‘तापून बंद पडते’ : लहान इंजिनाचा दोष आणि ऊनान्त धातुसाधिताची साक्ष

१. विषयाची मर्यादा

जे यंत्र मुळीच चालत नाही, त्याचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. जे यंत्र कधी चालते आणि कधी चालत नाही, त्याचा दोष शोधणे अवघड. दुरुस्ती करणारा मनुष्य समोर येऊन उभा राहतो, त्या वेळी ते यंत्र बहुधा नीट चालत असते. मग ते कसे बंद पडले यासंबंधी त्याच्या हाती एकच पुरावा उरतो, आणि तो म्हणजे यंत्राच्या धन्याने उच्चारलेले वाक्य. वैद्याला रोग्याच्या कथनावर जितके अवलंबून राहावे लागते, तितकेच येथे मिस्त्रीला त्या वाक्यावर अवलंबून राहावे लागते. प्रस्तुत लेखात या वाक्याच्या व्याकरणाचा विचार करावयाचा आहे. इंजिनाचा दोष सांगताना मराठी भाषक जी धातुसाधिते वापरतो, त्यांत दोषाचा माग कितपत सापडतो आणि कोठे चुकतो, हा या लेखाचा प्रश्न होय.

लहान इंजिने अनेक प्रकारची आहेत. कोकणच्या खाड्यांत होडीच्या मागील फळीवर बसविलेले इंजिन हा त्यांतला एक प्रकार. विदर्भात त्याचे स्थान विहिरीवरच्या किंवा नाल्याकाठच्या डिझेल इंजिनाने घेतले आहे. दोहोंची रचना भिन्न असली तरी दोघांचे रुसणे एकाच जातीचे असते. पुढील विवेचन वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरी या गावच्या शिवारातील पाणी उपसण्याच्या इंजिनांना धरून केले आहे. विजेचे आणि सौर पंप आता सर्वत्र वाढले आहेत. तथापि जेथे वीज पोचली नाही, किंवा जेथे नाल्यातले पाणी चार दिवसांपुरते उचलावयाचे आहे, तेथे हे इंजिन अद्याप टिकून आहे. उदाहरणादाखल घेतलेली वाक्ये, बोलीरूपाचा मुद्दा असेल तेवढे स्थळ वगळता, प्रमाण भाषेत दिली आहेत.

२. इंजिनाला काय लागते

दोषांच्या वाक्यांकडे वळण्यापूर्वी यंत्राची थोडी ओळख आवश्यक आहे. पाच अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, चार आघातांचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे डिझेल इंजिन हा आपल्याकडील नेहमीचा नमुना. त्यात दर दोन फेऱ्यांत एकदा डिझेल फवारले जाते, म्हणजे तासाला ४५,००० वेळा. पुरता भार असता असे इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल खाते. एका लिटराला ४५,००० ने भागले असता प्रत्येक फवाऱ्याच्या वाट्याला एका थेंबाच्या निम्म्याइतकेही डिझेल येत नाही. एवढेसे डिझेल दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम दाबाने नोझलमधून बाहेर पडते आणि दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेट घेते. यात ठिणगीचा संबंध नाही.

या हिशेबावरून एक गोष्ट ध्यानात येते. डिझेलच्या नळीत हवेचा लहानसा बुडबुडा शिरला, तर पंपाचा तो नेमका आघात बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. नोझलची सुई उचलली जात नाही आणि तो फवारा हुकतो. ‘इंजिनाने हवा धरली’ या शब्दप्रयोगाचा यांत्रिक अर्थ हा आहे. तेव्हा डिझेल, स्वच्छ हवा, सिलिंडरातील दाब, वंगण आणि थंडावा या पाच गोष्टींपैकी कोणती तरी एक ठरावीक परिस्थितीत अपुरी पडते, म्हणून इंजिन लहरीपणाने वागते. ती परिस्थिती कोणती, हे ओळखले की दोषाचा निम्मा शोध लागला. परिस्थिती सांगण्याचे काम वाक्यात बहुशः धातुसाधिताकडे असते.

३. तीन निर्दोष साक्षीदार

इंजिनाच्या तक्रारीत ‘बंद पडते’, ‘अडखळते’, ‘दम सोडते’ ही मुख्य क्रियापदे होत. त्यांच्या आधी येणारे धातुसाधित कालसंबंध दाखविते. अशी तीन रूपे प्रथम पाहू.

(अ) ‘-ताच’. ‘चालू होताच बंद पडते’. येथे दोन क्रियांमध्ये अवकाश नाही. इंजिन एकदा पेटते, म्हणजे सिलिंडरातील दाब आणि नोझल यांचे काम निदान काही अंशी होत आहे. पंपात आणि नळीत उरलेले डिझेल जळून गेले आणि मागून नवे आले नाही, असा तर्क प्रथम करावा. टाकीची तोटी, गाळणी आणि नळीतील हवा यांची तपासणी आधी, बाकीचे नंतर. याउलट ‘भार पडताच दबते’ असे वाक्य असेल तर धुराकडे पाहावे. काळा धूर आला तर डिझेल पुरेसे येत आहे, पण त्याला हवा पुरत नाही, अथवा भारच शक्तीबाहेर आहे. कापसाच्या तंतूंनी आणि धुळीने तुंबलेली हवेची गाळणी हे त्याचे नित्याचे कारण. धूर मुळीच न येता इंजिन दबले, तर उपासमार डिझेलची आहे.

(आ) ‘-ता -ता’. ‘चालता चालता मध्येच अडखळते’. द्विरुक्त रूप क्रियेचे चालूपण दाखविते आणि दुसरी क्रिया तिच्या पोटात घडते. तिची वेळ ठरलेली नसते. अशा अनियमित अडखळण्यामागे बहुधा अनियमितपणेच वाहत येणारे काहीतरी असते : डिझेलमधील पाण्याचे थेंब, कचरा किंवा हवेचे बुडबुडे. टाकीच्या तळचे डिझेल काढून काचेच्या बाटलीत थोडा वेळ ठेवले असता पाणी खाली बसलेले दिसते. परंतु इंजिनाचा वेग तालात चढत आणि उतरत असेल तर प्रकार निराळा. ताल हे नियमनाचे लक्षण आहे. अशा वेळी गव्हर्नरची कांडी अडकून सुटते काय, हे पाहावे. मराठीत या दोहोंसाठी वेगळी क्रियापदे आहेतच. अनियमित प्रकारास ‘अडखळणे’ आणि नियमित प्रकारास ‘झोके घेणे’ असे म्हटले, तर मिस्त्रीचे अर्धे काम होते.

(इ) ‘-ल्यावर’. ‘तासभर चालल्यावर’, ‘टाकी अर्धी झाल्यावर’, ‘विहिरीचे पाणी उतरल्यावर’. या रूपाचा विशेष असा की त्याच्यासोबत मोजता येणारी अट सहज येते आणि दोन्ही क्रियांचे कर्ते भिन्न असू शकतात. दोषशोधनाच्या दृष्टीने हे सर्वांत उपयुक्त रूप होय. त्यात पूर्वापर क्रम आहे, पण कार्यकारणभावाचा आग्रह नाही. ‘पाणी उतरल्यावर बंद पडते’ असे म्हणणारा आपले निरीक्षण सांगतो, निर्णय देत नाही.

४. चौथा साक्षीदार

चौथे रूप ऊनान्त. ‘इंजिन तापून बंद पडते’. हे वाक्य इतके रुळले आहे की ते उच्चारणाऱ्याला आपण दोन गोष्टी सांगत आहोत याची जाणीव नसते.

पाणिनीने क्त्वा प्रत्ययाचा विधी सांगताना दोनच अटी घातल्या : दोन्ही क्रियांचा कर्ता एक असावा आणि क्त्वान्त क्रिया आधीची असावी. कारणाचा उल्लेख तेथे नाही. महाराष्ट्री प्राकृतातील ‘ऊण’ मराठीत ‘ऊन’ होऊन आला तेव्हा या अटी पुष्कळशा तशाच राहिल्या. ‘तो जेवून झोपला’ या वाक्यात जेवण आधी आणि झोप नंतर. जेवण हे झोपेचे कारण आहे असे वाक्य म्हणत नाही. पण मराठीत एक महत्त्वाची सूट आहे. दोन्ही क्रिया इच्छेविना घडणाऱ्या असतील तर कर्ते भिन्न असलेले चालतात : ‘पाऊस पडून रस्ता वाहून गेला’, ‘नळी फुटून इंजिन बंद पडले’. अशा वाक्यांत केवळ पूर्वापर क्रमाचा अर्थ घेता येत नाही. तेथे आधीची क्रिया नंतरच्या क्रियेचे कारण म्हणूनच समजली जाते.

यंत्राला इच्छा नसते. त्याच्या सर्वच क्रिया ‘पाऊस पडून’ या जातीच्या आहेत. म्हणून यंत्राविषयीच्या वाक्यात ऊनान्त रूप आले की, कर्ता एक असला तरी, ऐकणाऱ्याच्या मनात कारणाचा अर्थ आपोआप उभा राहतो. वऱ्हाडीत या रूपाला पुढे ‘शानी’ जोडून ‘तापूनशानी बंद पडते’ असे म्हटले जाते, तेथेही हेच घडते. वक्त्याने पाहिले ते इतकेच की इंजिन काही वेळ चालले, हाताला गरम लागले आणि थांबले. चाललेले प्रत्येक इंजिन गरम असतेच. पण वाक्याने त्या गरमपणाला कारणाच्या पदावर बसविले.

न्यायशास्त्रात अशा पूर्ववर्ती पदार्थाला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. घडा होण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव असते, म्हणून ते घड्याचे कारण ठरत नाही. लोकभाषेत यालाच कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडणे असे म्हणतात. ‘तापून’ मधील ताप हा पुष्कळदा असा कावळा असतो.

५. एक उदाहरण

इंझोरी शिवारातील एका शेतकऱ्याच्या इंजिनाची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे. गव्हाची पेरणी होऊन वीस दिवस झाले होते. पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांच्या सुमारास गव्हाला मुकुटमुळे फुटतात. त्या वेळचे पाणी चुकले तर फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही ओलीत केले तरी ती तूट भरून निघत नाही. नेमके तेव्हा इंजिन पाच-सात मिनिटे चालून थांबू लागले. पंधरा-वीस मिनिटे थांबून हँडल मारले की पुन्हा चाले. तक्रार एका वाक्यात सांगितली गेली : ‘इंजन तापून बंद पडते, थंड झालं की चालते.’

वाक्यात ताप होता, म्हणून ताप शोधला गेला. वंगणाचे तेल बदलले, थंडाव्याच्या पाण्याची वाट साफ केली. गुण आला नाही, तेव्हा नोझल बदलले. दुसरा दिवस गेल्यावर स्लीव्ह आणि पिस्टन उघडून पाहावे असा सल्ला निघाला. तो खर्च त्या हंगामात परवडणारा नव्हता. शेवटी ध्यानात आले ते असे : टाकीचे मूळ झाकण हरवले होते आणि कचरा पडू नये म्हणून तिच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद दोरीने घट्ट आवळला होता. इंजिन थांबले त्या वेळी तो कागद आत ओढला जाऊन वाटीसारखा खोल झालेला होता. दोरी सोडली आणि इंजिन तत्काळ चालू झाले. ते अर्थातच तेव्हा गरम होते.

याचे कारण सोपे आहे. मूळ झाकणाला बारीक छिद्र असते. डिझेल जितके खाली जाते तितकी हवा त्यातून आत येते. छिद्र बुजले तर टाकीतील हवेचा दाब उतरत जातो आणि डिझेल आपल्या वजनाने खाली येईनासे होते. टाकीतील डिझेलची पातळी इंजिनाच्या पंपाहून अर्धा मीटर उंच आहे असे धरले, तर तिचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार टक्के भरतो. टाकीतील मोकळी जागा अर्धा लिटर असता तिच्या चार टक्के, म्हणजे वीस मिलिलिटर, डिझेल गेले की प्रवाह थांबू लागणार. तासाला एक लिटर या हिशेबाने त्यास मिनिट-सव्वामिनिट पुरते. मोकळी जागा तीन लिटर असेल तर सात मिनिटे लागतील. थोडी हवा कोठून तरी झिरपत असेल तर याहून अधिक. इंजिन थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जी हवा झिरपते, तिनेच ते पुन्हा चालू होते. विश्रांतीने इंजिन थंडही होते आणि टाकीचा दाबही भरून येतो. दोन कारणांचे बाह्य लक्षण एकच असल्यामुळे घोटाळा होतो.

परंतु हिशेबातून एक भेदक लक्षणही निघते. झाकणाचा दोष असेल तर टाकी भरलेली असताना इंजिन लवकर थांबेल आणि रिकामी होत जाईल तसे अधिक वेळ चालेल. तापाचा दोष असेल तर टाकीच्या पातळीशी त्याचा संबंध असणार नाही. ‘डिझेल भरल्यावर लवकर बंद पडते’ हे ‘-ल्यावर’चे वाक्य विचारून घेतले असते, तर पहिल्याच दिवशी उलगडा झाला असता. त्याहून सोपी चाचणी अन्वय-व्यतिरेकाची. इंजिन थांबताच, ते गरम असतानाच, झाकण सैल करावे आणि हँडल मारावे. चालू झाले तर ताप निर्दोष आहे. झाकण उघडे असूनही गार होईतो चालू झाले नाही, तर मात्र तापाकडे वळावे.

होडीच्या इंजिनातही हीच चाचणी पहिली. ज्या होड्यांत इंधनाची सुटी टाकी असते, तिच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो उघडावयाचा राहिला की किनाऱ्यापासून काही अंतर गेल्यावर इंजिन दम सोडते. तेथे आणखी एक भेद आहे. विहिरीवरच्या इंजिनाची टाकी बहुधा इंजिनाच्या वर असते, त्यामुळे नळीला भेग पडली तर डिझेल बाहेर ठिबकते आणि डोळ्यांना दिसते. होडीतील टाकी खाली असते आणि इंधन ओढून घ्यावे लागते. तेथे भेगेतून काही ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून ‘कोठेच गळत नाही’ या वाक्याचे मोल दोन ठिकाणी दोन प्रकारचे आहे.

६. कर्ता कोण ?

ऊनान्त रूपाचा दुसरा परिणाम कर्त्याविषयीचा आहे. गावच्या बोलण्यात ‘इंजिन’ हा शब्द एकट्या इंजिनाचा वाचक नसतो. इंजिन, पंप, विहिरीत सोडलेला पाइप आणि त्याच्या टोकाचा फुटवॉल, या सगळ्या जोडणीला मिळून ‘इंजिन’ म्हणतात. ‘इंजिन पाणी सोडते’ हे वाक्य व्यवहारात शुद्ध आहे. मात्र पाणी सोडणारा पंप असतो. मग एककर्तृकत्वाच्या ओढीने वाक्य बनते : ‘इंजिन पाणी सोडून तापते आणि जाम होते.’ तिन्ही क्रिया एकाच कर्त्याच्या माथी आल्या आणि दुरुस्ती त्याच कर्त्याची सुरू झाली.

वस्तुतः क्रम असा असतो. पंप पाणी वर ओढतो याचा अर्थ वातावरणाचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला या दाबाने पाणी तत्त्वतः १०.३ मीटरपर्यंत चढेल. व्यवहारात सहा-सात मीटरपलीकडे भरवसा धरता येत नाही. माघ-फाल्गुनात विहिरीची पातळी उतरते, पंप मात्र जागचा हलत नाही. ओढीचे अंतर वाढते, पाइपाच्या सांध्यातून थोडी हवा शिरली किंवा फुटवॉल नीट बसला नाही की पंप पाणी सोडतो. भार नाहीसा झाल्याने इंजिनाचा आवाज एकदम हलका होतो. अनेक जोडण्यांत इंजिनाला गार ठेवणारे पाणी पंपाच्याच बाहेर टाकणाऱ्या पाइपातून घेतलेले असते. पंपाने पाणी सोडले की तो थंडावाही थांबतो. इंजिन खरोखरच तापते आणि तसेच चालू ठेवले तर पिस्टन सिलिंडरात धरतो. येथे ताप खरा आहे, पण त्याचे मूळ विहिरीच्या तळाशी आहे. पिस्टन बदलूनही पुढल्या आठवड्यात तेच घडेल.

‘पंपाने पाणी सोडल्यावर इंजिन तापते’ या वाक्यात कर्ते दोन आहेत, आणि दुरुस्तीही योग्य जागी जाते. दोन वाक्यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. बदलला आहे तो प्रत्यय आणि त्याच्यामुळे मोकळा झालेला कर्ता. कार्तिकात नीट चालणारे इंजिन फाल्गुनात लहरी झाले, तर ते बिघडले असे म्हणण्यापूर्वी विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली गेले हे मोजावे.

७. परिभाषेविषयी

या विवेचनाचा आपल्या अभ्यासाशी जो संबंध आहे, तो आता सांगावयाचा. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) धातुसाधितांचा विचार आपल्याकडे विस्ताराने झाला आहे. दुसऱ्या बाजूस, १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने अनेक शास्त्रांचे परिभाषाकोश सिद्ध केले. हे दोन्ही उद्योग एकमेकांपासून दूर राहिले आहेत. परिभाषा म्हणजे नामांची यादी, असा समज त्यामुळे दृढ झाला. नोझलला काय म्हणावे, गव्हर्नरला कोणता प्रतिशब्द द्यावा, यावर आपण वाद घातला. वस्तुतः ही नामे शेतकऱ्याने आणि मिस्त्रीने केव्हाच आपलीशी केली आहेत. तेथे अडचण नाही. अडचण आहे ती घटना सांगण्याच्या वाक्यात, आणि तेथे कोशाचा उपयोग होत नाही.

यंत्राची मराठी माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याने दोषांची सारणी करताना डाव्या रकान्यात ‘इंजिन तापून बंद पडणे’ असे लिहू नये. तेथे कारण आधीच गृहीत धरले जाते. ‘पाच ते दहा मिनिटे चालल्यावर बंद पडणे’ असे लिहावे आणि पुढे प्रश्न ठेवावेत : झाकण सैल केल्यावर लगेच चालू होते काय ? डिझेल भरल्यावर लवकर थांबते काय ? थांबण्यापूर्वी पंपाचे पाणी आधी तुटते काय ? आवाज हळूहळू उतरतो की एकदम तुटतो ? धूर कोणत्या रंगाचा ? यांतील एकही प्रश्न विचारण्यास हत्यार लागत नाही, आणि प्रत्येकाच्या उत्तराने दोन कारणांपैकी एक गळून पडते.

बोलींचे शब्दसंकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनीही याची नोंद घ्यावी. इंझोरीसारख्या गावी जाऊन इंजिनाच्या भागांची नावे उतरून आणणे हे काम एका दिवसाचे आहे. त्यासोबत बिघाडाची वाक्ये जशीच्या तशी, प्रत्ययासहित उतरावीत आणि अखेरीस निघालेला दोष त्यांच्यापुढे लिहावा. असा संग्रह झाल्यास दोन प्रश्नांचा निकाल लागण्यास साहाय्य होईल. निरिच्छ क्रियांच्या वाक्यांत ऊनान्ताचा कारणार्थ किती अपरिहार्य आहे, हा पहिला प्रश्न व्याकरणाचा. कोणते रूप ऐकून मिस्त्री कोणत्या भागाला प्रथम हात घालतो, हा दुसरा प्रश्न व्यवहाराचा. पहिल्याचे उत्तर आपल्याला हवे आहे. दुसऱ्याचे उत्तर ज्याचा गहू विसाव्या दिवशी पाण्यावाचून उभा आहे, त्याला हवे आहे. दोन्ही उत्तरे एकाच वहीत मिळणार असल्यामुळे तो संग्रह लवकर सुरू करणे इष्ट होय.